एका बेडफर्डची ओळखपरेड

बेंगळुरूतल्या राजाजीनगरच्या उमाकांत निरगुडकरांना अभिमान वाटावा अशा गोष्टी जगात दोनच होत्या. एक म्हणजे, रस्त्यावरून जाणारा कुठलाही जुना ट्रक ते नुसत्या तोंडावरून ओळखत. कंपनी, मॉडेल, साल, सगळं. आणि दुसरी म्हणजे, सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यात चौतीस वर्षं काढून त्यांनी एकाही कागदावर वस्तू न बघता सही केली नव्हती. पहिल्या गोष्टीचं घरात कुणाला कौतुक नव्हतं आणि दुसरीचा सगळ्यांना ताप होता. कुरिअरवाला दारात आला की आधी खोक्याच्या सहाही बाजू बघायच्या, मग सही. मुलीच्या, गौरीच्या लग्नात नोंदणीच्या रजिस्टरवर साक्षीदार म्हणून सही करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी पान वरपासून वाचायला घेतलं आणि नवऱ्या मुलाकडे जन्मतारखेचा दाखला मागितला. पंगत पाऊण तास खोळंबली. तो विषय निघाला की व्याही अजूनही पाणी प्यायला आत निघून जातात.

निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, नाहीतर बागेत जाऊन हात वर करून हसतात. उमाकांत संध्याकाळी तुमकूर रोडला जाऊन उभे राहत आणि वहीत ट्रकांची चित्रं काढत. अशा अकरा वह्या, नावाच्या काही पितळी पट्ट्या आणि हेडलाइटच्या दोन काचा एवढा त्यांचा संग्रह होता. हेमलताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तो सहन केला होता, कारण तो कपाटात साड्यांच्या खालच्या कप्प्यात मावत होता.

आणि मग ते एका दाराच्या फळीसाठी मागडी रोडला शिवाप्पाच्या वखारीत गेले. फळी राहिली बाजूला. सागाच्या ओंडक्यांमागे, पत्र्याच्या छपराखाली एक तोंड त्यांच्याकडे बघत होतं. बसकं, रुंद, चौकोनी बॉनेट. मागे जोडीच्या जागी एकेरीच चाकं. उमाकांतांनी फळीचं माप लिहिलेला कागद खिशात कोंबला. दुसऱ्या महायुद्धातला लष्करी बेडफर्ड. असा ट्रक त्यांनी पुस्तकातल्या फोटोतच पाहिला होता, आणि तो फोटोही धुरकट होता.

शिवाप्पाच्या वडिलांनी हा ट्रक कधीतरी कुठल्यातरी लिलावात घेतला होता. कागद म्हणाल तर वाळवीनं खाल्ले होते. वखारीच्या जागी आता बारा मजली इमारत होणार होती आणि शिवाप्पाला जागा मोकळी करून हवी होती. साहेब, आवडला असेल तर घेऊन जा, मला काही नको, असं तो म्हणाला. फुकट म्हटल्यावर मध्यमवर्गीय माणूस जितका सावध होतो तितके उमाकांतही झाले, पण पाचच मिनिटं. विचार करून सांगतो, असं म्हणून ते घरी आले. शिवाप्पानं त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या लॉरीला साखळी बांधून बेडफर्ड निरगुडकरांच्या दारात आणून उभा केला. 'दारात' हे सोयीसाठी म्हणायचं. प्रत्यक्षात तो तीन घरांच्या दारांत उभा होता.

हेमलताबाई रांगोळी काढायला बाहेर आल्या आणि रांगोळीचा डबा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "हा कपाटात ठेवणार का?" एवढंच त्यांनी विचारलं.

शेजारी अप्पासाहेब राहत. त्यांचं घराणं शहाजीराजांबरोबर बेंगळुरूला आलेलं, त्यामुळे या शहरात जे जे चाकांवर चालतं त्याबद्दल बोलायचा आपल्याला वडिलोपार्जित हक्क आहे अशी त्यांची समजूत होती. ट्रक बघताक्षणी त्यांनी तो टाटा आहे असं जाहीर केलं. उमाकांतांनी बॉनेटचा कोन समजावून सांगितला, मागची चाकं दाखवली, वही आणून चित्र दाखवलं. अप्पासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जुना टाटा असा असतो, असं सांगितलं. पुढच्या आठवडाभरात गल्लीतल्या बहुतेकांनी आपापलं मत दिलं. कुणी म्हणालं इस्त्रीचं दुकान काढा, कुणी म्हणालं मोबाइल दवाखाना. नारळपाणीवाल्यानं मत दिलं नाही, त्यानं सरळ ट्रकच्या सावलीत गाडी लावली. एका कुत्रीनं मागच्या हौद्यात चार पिल्लं घातली. कुणीतरी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली आणि शुक्रवारी ती बदलायलाही लागलं. ते कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

दहाव्या दिवशी पालिकेच्या निरीक्षक चंदना आल्या. नीटनेटक्या, मृदू बोलणाऱ्या बाई. त्यांनी काचेवर गुलाबी कागद चिकटवला: हे बेवारस वाहन एकवीस दिवसांत हलवावं, नाहीतर भंगारात जमा करण्यात येईल. 'बेवारस' हा शब्द उमाकांतांना फार लागला. मी स्वतः इथं उभा आहे, असं त्यांनी सांगून पाहिलं. चंदना म्हणाल्या, सर, तुम्ही उभे आहात ते दिसतंय, पण गाडीचे कागद कुठायत?

वाट एकच होती. महादेवपुऱ्याच्या पलीकडे जुनी वाहनं जपणाऱ्या हौशी लोकांच्या एका मंडळाची मोठी शेड होती. मंडळाचे सचिव जितेंद्र, मूळचे ठाण्याचे, आयटीतले. ते येऊन ट्रकभोवती तीन फेऱ्या मारून गेले आणि त्यांचे डोळे चमकले, हे उमाकांतांनी स्पष्ट पाहिलं. पण मंडळाचे नियम होते. शेडमध्ये जागा अस्सल वाहनालाच. चॅसीचा नंबर हवा, ट्रक आला कुठून याचा कागद हवा, आणि सगळे मुख्य भाग मूळचेच आहेत असा जाणकार माणसाचा सही केलेला अहवाल हवा. जाणकार माणूस आणि सही, हे दोन शब्द ऐकून उमाकांतांची छाती जरा पुढे आली. अहवाल त्यांनी त्याच दुपारी लिहिला, चौदा पानी.

नंबराचं एवढं सोपं नव्हतं. बेंगळुरूकडे आयुधपूजेला प्रत्येक यंत्राची पूजा होते, हे सगळ्यांना माहीत आहे. शिवाप्पाचे वडील श्रद्धाळू होते. ट्रकवर जिथं काही कोरलेलं दिसेल तिथं देव असणार, अशा भावनेनं त्यांनी दरवर्षी चॅसीच्या नंबरावरच हळदीकुंकू वाहिलं होतं, आणि त्यावर दरवर्षी रंगाचा एक हात दिला होता. तीसेक वर्षांची भक्ती तिथं बोटभर जाडीनं बसली होती. उमाकांतांनी ती आधी चिंचेनं घासली. मग अप्पासाहेब म्हणाले, "स्वल्प थांबा अण्णा, हे चिंचेचं काम नव्हे," आणि चिकपेटेतून एका हार्डवेअरवाल्याकडून कसलंसं द्रावण घेऊन आले. त्या द्रावणानं रंग गेला, कुंकू गेलं आणि उमाकांतांच्या दोन बोटांची सालंही गेली. खालून नंबर वर आला. शेवटचे दोन आकडे गंजानं खाल्ले होते.

म्हणजे हा ट्रक शंभरांपैकी कुठलाही एक असू शकत होता. उमाकांत बँडेज केलेली बोटं वर धरून ट्रकच्या पायरीवर बसले, आणि कुत्रीचं एक पिल्लू येऊन त्यांच्या चपलेशी खेळायला लागलं. बारा दिवस उरले होते.

तेवढ्यात शिवाप्पाचा फोन आला. वखार उपसताना वडिलांची वही सापडली होती, आणि तो लिलाव कुणाचा होता हे तिच्यात लिहिलं होतं. शिवाप्पानं नाव वाचून दाखवलं. तो उमाकांतांचाच कारखाना होता.

आता सगळं सोपं झालं, असं त्यांना वाटलं. ज्या फाटकातून आपण चौतीस वर्षं आत गेलो, त्याच फाटकातून आत जायचं, रेकॉर्ड विभागातली फाइल काढायची आणि प्रत घेऊन यायचं. फाटकावरच्या रखवालदारानं त्यांना आधार कार्ड मागितलं. मी इथं उपमहाव्यवस्थापक होतो, असं उमाकांत म्हणाले. सरी सर, म्हणजे ठीक आहे, असं म्हणून त्यानं पुन्हा आधार कार्ड मागितलं. मग नोंदवहीत 'कामाचे स्वरूप' या रकान्यात काय लिहायचं, असा प्रश्न पडला. उमाकांतांनी 'ट्रक' असं लिहिलं आणि गळ्यात 'व्हिजिटर ४' असा पट्टा अडकवून ते आत गेले. पट्ट्याच्या मागच्या अटी वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हटल्यामुळे मागे व्हिजिटर ५ ते ९ रांगेत उभे होते.

रेकॉर्ड विभागात मानसिंग नावाचा तरुण अधिकारी होता. त्यानं पहिल्या दिवशी अर्ज घेतला आणि 'नाळे बन्नी' म्हणाला, म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी अर्ज कन्नडमध्ये हवा होता आणि चौथ्या दिवशी किल्लीवाला रजेवर होता. उमाकांतांना राग येत होता, पण सगळ्यात जास्त राग याचा येत होता की हे सगळे नियम त्यांनी स्वतःच, नोकरीत असताना, समाधानानं पाळले होते. सातव्या दिवशी मात्र मानसिंगनं धुळीनं भरलेली फाइल टेबलावर ठेवली आणि खुर्चीही दिली.

पहिल्याच पानावर पूर्ण नंबर होता. उमाकांतांनी खिशातली चिठ्ठी काढून आकडा आकडा ताडून पाहिला. जेवढा उरला होता तेवढा जुळत होता, आणि उरलेले दोन इथं होते. बेडफर्ड, लष्कराकडून कारखान्याला मिळालेला, सालासकट. त्यांनी जे जे ओळखलं होतं ते सगळं बरोबर होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी, भले फाइल का असेना, त्यांना 'बरोबर आहे' असं म्हणत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग त्यांनी पान उलटलं. ट्रक मोडीत काढताना केलेला तपासणी अहवाल. 'इंजिन मूळ नाही. गिअरबॉक्स मूळ नाही. चॅसी तडकलेली. वाहनाची ओळख निश्चित करता येत नाही. भंगार.' खाली सही होती. सही तरुण होती, जरा जास्तच वळणदार होती, पण उमाकांत निरगुडकरांची होती.

त्यांनी ती तीनदा वाचली. मग तारीख वाचली आणि ती दुपार त्यांना आठवली.

नोकरीचं चौथं वर्ष. कारखान्यात आयुधपूजेला लेथ, क्रेन, तराजू यांची पूजा व्हायचीच, पण कार्यालयातली पेनं, शिक्के आणि रजिस्टरंही देवापुढे ठेवली जायची. एकदा कुंकू लागलं की सुटी संपेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यामुळे तुंबलेले सगळे कागद त्या दुपारी चारच्या आत निपटायचे. फाटकाशी फोडायचा कोहळा तयार होता, कडलेपुरीच्या, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांच्या पुड्या वाटून झाल्या होत्या, आणि टेबलावर मोडीत काढायच्या वाहनांचे त्रेचाळीस अहवाल होते. टायपिस्टनं त्रेचाळीसही कार्बन घालून एकाच मजकुराचे काढले होते. त्यात एक हातगाडी होती. तिचाही गिअरबॉक्स मूळ नाही, असं लिहिलेलं होतं. साहेब दारात उभे राहून पेन मागत होते. उमाकांतांनी सह्या केल्या, पेन दिलं, आणि पुडी घेऊन घरी गेले.

वखारीत ट्रक बघितल्यावर आपल्याला तो आठवला कसा नाही, हे कोडंही त्यांना उरलं नाही. बघितलाच नव्हता, तर आठवणार कुठून?

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. प्रत हेमलताबाईंसमोर ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. हेमलताबाईंना आधी हसू आलं, विशेषतः हातगाडीचं. पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघून त्यांनी ते आवरलं. मंडळाला फाइल दाखवली तर तिच्यात हा अहवाल होता, आणि न दाखवली तर नंबर नव्हता. यातून एकच मार्ग होता, आणि तो दोघांनाही दिसत होता.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "बघितलं नव्हतं म्हणून."

"चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय. गौरीच्या सासरी सांगितलंय."

"ते ठाऊक आहे मला. मी तिथंच होते." त्यांनी प्रत नवऱ्यापुढे सरकवली. "ट्रक वाचवायचाय की सही, ते ठरवा. दोन्ही नाही जमायचं."

उमाकांतांनी पत्राचे चार खर्डे केले. पहिल्यात 'अनवधानाने' होतं. दुसऱ्यात 'कार्यबाहुल्यामुळे'. तिसऱ्यात त्या काळच्या प्रशासकीय पद्धतीवर दीड पान होतं. हेमलताबाईंनी पेन घेऊन सगळं खोडलं. चौथ्यात एकच वाक्य उरलं: 'त्या दिवशी मी हा ट्रक न बघता सही केली.' अप्पासाहेब कशाला तरी आत आले होते, त्यांनी खांद्यावरून वाचलं आणि पहिल्यांदाच काही सल्ला न देता परत गेले.

मंडळाची बैठक शनिवारी झाली. नोटिशीची मुदत सोमवारी संपत होती. जितेंद्रचा फोन आला तेव्हा उमाकांत ट्रकच्या केबिनमध्येच बसले होते.

"सर, पर्सनली माझा तुमच्यावर फुल विश्वास आहे," जितेंद्र म्हणाले. "पण कमिटीचं लॉजिक बघा. तुम्ही रायटिंगमध्ये दिलंय की तुम्ही न बघता सही करता. मग या चौदा पानी रिपोर्टवरची सही बघून केलीय, हे कशावरून?"

"करता नाही. केली. एकदाच."

"हो सर. पण ते एकदा कुठलं, हे कमिटीनं कसं ओळखायचं?"

वाईट म्हणजे, तपासणी खात्यात असते तर त्यांनीही अगदी हाच मुद्दा काढला असता. कमिटीनं कोलकात्याच्या एका जाणकाराला बोलवायचं ठरवलं होतं. तो दोन महिन्यांनी येणार होता. तोवर ट्रक ठेवायचा कुठं, असं उमाकांतांनी विचारलं. जितेंद्रनाही फार वाईट वाटत होतं, पण अस्सल ठरल्याशिवाय शेडमध्ये जागा नव्हती. शिवाप्पाच्या वखारीत पायाचे खड्डे खणून झाले होते. सोमवारी सकाळी मुदत वाढवून मागायला उमाकांत पालिकेत गेले, तेव्हा खिडकीतला माणूस 'नाळे बन्नी' म्हणाला.

अकरा वाजता चंदना क्रेन घेऊन आल्या. हेमलताबाईंनी कुत्रीची पिल्लं आधीच पाटीत घालून अंगणात नेली होती. नारळपाणीवाल्यानं गाडी हलवली. गल्ली दारात येऊन उभी राहिली. चंदनांनी वहीत कार्बन घातला आणि अर्ज पुढे केला. वाहन तपासून, ते निरुपयोगी असल्याची खात्री करून स्वखुशीनं भंगारात देत आहे, असा मजकूर होता.

"इथं सही, सर."

उमाकांतांनी पेन घेतलं, मजकूर वाचला आणि पेन खिशाला लावलं. "आधी बघतो," ते म्हणाले.

चंदनांनी घड्याळ बघितलं. उमाकांत घरात गेले, जुना शर्ट चढवून आणि टॉर्च घेऊन आले आणि ट्रकखाली शिरले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. मग त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनवरचा नंबर कापडानं पुसून लिहून घेतला, गिअरबॉक्सचा घेतला, चॅसीवरून इंच इंच हात फिरवत पुढून मागे आणि मागून पुढे गेले. क्रेनवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवायच्या आधी हेमलताबाईंनी त्याला चहा नेऊन दिला, आणि नंतर जेवणही. अप्पासाहेबांनी टॉर्च धरला. त्यांनी एकदा हळूच विचारलं, "टाटा नव्हे ना अण्णा?" उमाकांत म्हणाले, नव्हे.

तीन वाजता ते टेबल म्हणून बंपरवर वही ठेवून लिहायला बसले. 'वाहनाचे वर्णन' हा रकाना दोन बोटं रुंद होता. त्यांनी बारीक अक्षरात सुरुवात केली, समासात गेले, मग पान उलटून मागे लिहिलं. बेडफर्ड, लष्करी बनावटीचा. साल. चॅसीचा पूर्ण नंबर. इंजिन मूळ. गिअरबॉक्स मूळ. चॅसी शाबूत, तडा नाही. पुढचा आस मूळ. स्टिअरिंग मूळ. एक हेडलाइट नंतरचा. ओळख निश्चित.

त्याच्या खाली एक छापील चौकोन होता, 'भंगार', आणि त्यात खूण केल्याशिवाय अर्ज पुरा होत नव्हता. उमाकांतांनी खूण केली आणि खाली, कुठलाही फाटा न काढता, साधी वाचता येईल अशी सही केली.

चंदनांनी कार्बनची प्रत फाडून त्यांच्या हातात दिली आणि मूळ कागद न वाचता गठ्ठ्यात सरकवला. साखळ्या ताणल्या, पुढची चाकं सुटली आणि बेडफर्ड तोंड वर करून गल्लीतून निघाला. हेमलताबाईंनी नवऱ्याच्या हातातली प्रत घेतली, चष्मा लावला आणि रस्त्यातच उभं राहून पुढून-मागून सगळी वाचून काढली.

"सगळं मूळचंच होतं?" त्यांनी विचारलं.

"हो," उमाकांत म्हणाले. "हेडलाइट सोडून. बघितलं मी."